पुसेचे पाणी कोणत्या समुद्राला जाते

आमच्या महागावात समुद्र म्हटला की मुंबईचा. कुणाचे लेकरू तिकडे नोकरीला लागले की घरचे एकदा जाऊन चौपाटी बघून येतात, थोडे हौशी असले तर अलिबाग, गणपतीपुळे. सरळ रेघेने मोजले तर पश्चिमेचा किनारा आणि पूर्वेचा किनारा आम्हाला जवळपास सारखेच लांब आहेत, दोन्ही पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर. पण पाणी उतार पाहून जाते. पूस नदी पुसदकडून येते, आमच्या तालुक्यातून वाहत हिवरा संगमला पैनगंगेला मिळते. पैनगंगा वणीच्या पुढे वढ्याला वर्धेत शिरते, वर्धा चपराळ्याला वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते आणि गोदावरी काकिनाड्याच्या दक्षिणेला बंगालच्या उपसागरात. महागावच्या धुऱ्यावरून ओघळलेला एक थेंबही मुंबईला जात नाही. आमचा समुद्र पूर्वेचा आहे, आणि तो आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला आहे.

तो पाहायला जायचे हे मात्र ठरले पश्चिमेच्या किनाऱ्यावर, वेळासला.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले, बाणकोटजवळचे लहानसे गाव. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून पूर्वी त्याचे नाव घेतले जाई. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची माणसे समुद्री गरुडांची पाहणी करत इथे आली, तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालत होत्या आणि सकाळी माणसे ती उकरून नेत होती. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावातल्याच लोकांना राखणीला उभे केले. घरटे सापडले की अंडी अलगद काढायची, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरायची, पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडायची. पुढे अंजर्ले, गुहागर असे करत हे काम किनारभर पसरले आणि वनखात्याने ते हाती घेतले.

मी गेलो तेव्हा मार्च होता. सकाळी सगळे पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे. राखणदाराने घरट्यावरची टोपली उचलली आणि खाली ओल्या वाळूत काळी, तळहातावर मावतील एवढी पिल्ले एकमेकांवर चढत होती. एका मादीची शंभर-सव्वाशे अंडी, उबायला पन्नासेक दिवस. वाळू फार तापली, एकोणतीस-तीस अंशांच्या पुष्कळ वर गेली, तर निघणारी बहुतेक पिल्ले माद्याच असतात; तापत्या हवामानाचा हिशोब असा वाळूच्या पोटात चालू असतो. पिल्ले पाण्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली पाहिजेत, म्हणून कुणी त्यांना उचलून टाकत नाही. पहिल्या लाटेने काही उलटी पाडली, परत सुलटी झाली, गेली.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकू रात्री तांदळाची भाकरी वाढताना म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंच्या वेळी ही अंडी घरात शिजत. आता कुणी हात लावला तर गावच विचारेल.” उन्हाळ्याआधीचे दोन-अडीच महिने घरोघर पाहुणे असतात आणि त्या पैशाचा मोठा भाग बायकांच्या हातात येतो. मला वेळासचे सगळ्यात जास्त हेच पटले. इथे कुणी कुणाला चोर ठरवत बसले नाही. घेऊन जगणाऱ्या माणसाला राखून जगण्याची सोय करून दिली. राज्य सरकारने २०१८ च्या डिसेंबरात काढलेली योजनाही याच वाटेची आहे. जाळ्यात कासव, देवमासा, बहिरी मासा किंवा दुसरा संरक्षित जीव सापडला आणि कोळ्याने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याची भरपाई म्हणून पंचवीस हजार रुपयांपर्यंत मिळतात.

जेवताना काकूंनी सहज विचारले, तुमच्या गावाला समुद्र केवढा लांब? मी पुसेचा सगळा रस्ता सांगितला. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमचा आहेच की. दिसत नाही एवढंच.”

महागावला परतल्यावर एक बातमी वाचली. त्याच हंगामात, २०२५ च्या जानेवारीत, गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना एक मादी सापडली होती. तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायात धातूची खूणपट्टी होती, क्रमांक ०३२३३. ही पट्टी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशात लावलेली होती. ओडिशात अंडी घालणारी मादी भारताच्या टोकाला वळसा घालून कोकणात अंडी घालायला आली, याची अशी पक्की नोंद आधी नव्हती. आणि उलट दिशेचीही गोष्ट आहे. २०२३ साली गुहागरलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले होते, तिचे नाव बागेश्री. ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. म्हणजे वेळासकर ज्या पिल्लांसाठी रात्री जागतात, त्यांच्यातली काही मोठी होऊन ज्या पाण्यात वावरतील, त्या पाण्यात पूस जाते. मग मी त्या पाण्याच्या मागे निघालो.

सुरुवात हिवरा संगमला केली. पुढच्या हिवाळ्याचे दिवस. पऱ्हाटीची शेवटची वेचणी चालू होती. पुसेला पाणी बेताचेच. वर पुसदजवळ पूस धरण, खाली आमच्या अंगाला निम्न पूस, त्यामुळे पावसाळा संपला की नदी डोहाडोहांत राहते. संगमावर एक म्हातारे भोईबाबा जाळे वाळत घालत होते. “पयले या डोहात जायं टाकलं का मरळ, वाम, झिंगे, काय पायजे थे निघे,” ते म्हणाले. “आता चुंगड्याच्या चिंध्या निघते, भाऊ.” त्यांनी बाजूला काढून ठेवलेला ढीग दाखवला. खताच्या चुंगड्या, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, औषधाचे रिकामे डबे.

औषध म्हणजे कीटकनाशक. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, मास्क नव्हता. त्या वर्षी सगळ्या देशाने आमच्या जिल्ह्याकडे पाहिले आणि ते माणसांसाठी पाहिले, तेच बरोबर होते. पण फवारणी झाल्यावर पाठीवरचा पंप कुठे धुतला जातो? नाल्यावर. माणसाच्या श्वासातून गेलेले विष दवाखान्याच्या वहीत नोंदले गेले. नाल्यात गेलेल्याची वही कुणी घातली नाही.

वढ्याला पैनगंगा वर्धेला भेटते. जवळ घुग्घुस, आजूबाजूला कोळशाच्या खाणी, रस्त्याकडेच्या झाडांची पाने काळवंडलेली. तिथे फार थांबलो नाही. चंद्रपूर, आलापल्ली करत सिरोंच्याला गेलो. सिरोंचा विदर्भाचे दक्षिण टोक. एका बाजूने प्राणहिता येते, पलीकडे तेलंगणातले काळेश्वर. गोदावरी नाशिककडून आली खरी, पण इथे प्राणहितेचे पात्र पाहिल्यावर कळते की विदर्भाने तिला काय दिले आहे. गोदावरीच्या सगळ्या उपनद्यांत हीच मोठी. मी घाटावर बसून पाण्यात हात घातला. तळाशी काळा चिकट गाळ होता, आमच्या वावरातल्यासारखाच.

या गाळाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण समुद्राचे दुखणे म्हटले की लोकांना तेलगळती आणि प्लास्टिक आठवते, गाळ कुणाला आठवत नाही. नदीच्या मुखाशी असलेली जमीन नदीनेच आणून टाकलेली असते. समुद्र ती रोज थोडी खातो, नदी रोज थोडी भरते. गोदावरी १९७० च्या दशकात वर्षाला साधारण १५ कोटी टन गाळ समुद्रापाशी नेत होती. १९९० च्या दशकात तो सहा कोटी टनांच्या खाली आला, असे आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडले आहे. बाकीचा धरणांच्या पोटात बसतो. त्यात आमची पूस, ईसापूर, सगळी आली. धरणे नकोत असे मी म्हणणार नाही. आमचा ऊस आणि हळद त्या पाण्यावर उभी आहे. पण त्याची किंमत कुठे भरली जाते हे पाहायला काकिनाड्याजवळच्या उप्पाड्याला जावे. तिथला किनाऱ्याचा रस्ता वादळागणिक तुटतो, दगडांच्या राशी टाकून पुन्हा बांधतात, पुन्हा तुटतो. कोळ्यांच्या घरांच्या ओळी समुद्राने घेतल्या आहेत. एका घराची अर्धी भिंत वाळूत उभी होती, तिच्यावर देवाचा कोनाडा तसाच होता.

सिरोंच्याहून काळेश्वर, वरंगल आणि पुढे रेल्वेने राजमहेंद्री. गाडी गोदावरीवरच्या पुलावर चढली तेव्हा डब्यातल्या लोकांनी खिडकीतून नाणी टाकली. जवळच धवलेश्वरम. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात इथे बंधारा बांधला आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार झाला. कोनसीमेतले शेतकरी अजून त्याच्या पुतळ्याला हार घालतात. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मला पुलसाविषयी ऐकायला मिळाले. बंगाली माणूस ज्याला इलिश म्हणतो तोच हा मासा. समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात गढूळ पुराच्या उलट पोहत गोड्या पाण्यात अंडी घालायला येतो. मंगळसूत्र विकून का होईना, पण पुलसा खावा, अशी तिकडे म्हण आहे. बंधाऱ्यापाशी त्याची वाट संपते. आता तो मिळतोही फार थोडा, एकेका माशाला हजारोंची बोली लागते. मासळीवाल्या बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, पाणी लाल आले तरच तो येतो, आणि आता लाल पाणी उशिरा येते, कमी येते.

काकिनाड्याचे नाव मी लहानपणी खताच्या चुंगडीवर वाचले होते. आमच्या कोठ्यात त्या चुंगड्या रचलेल्या असत. हे शहरच खताचे आहे. गोदावरीच्या मुखापुढे समुद्राखाली नैसर्गिक वायूचे साठे आहेत. वायूपासून इथे युरिया तयार होत आला, बंदरावर उतरलेल्या मालापासून डीएपी तयार होते. युरियाची गोणी ४५ किलोची, तिच्यात वीस किलोच्या वर नायट्रोजन. पिकाला त्यातला तिसरा हिस्सा मिळतो, फार तर निम्मा. उरलेला हवेत उडतो, जमिनीत झिरपतो, पावसाबरोबर नाल्याला लागतो. समुद्राच्या तळातून निघालेला वायू खत होऊन आमच्या वावरात येतो आणि त्यातला काही भाग नदीने पुन्हा त्याच समुद्रात जातो, हे मला त्या बंदरावर उभे राहून समजले आणि त्या रात्री झोप नीट लागली नाही.

कारण बंगालच्या उपसागराची प्रकृती आधीच नाजूक आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा नद्या त्यात एवढे गोडे पाणी ओततात, की ते हलके पाणी दुधावरच्या सायीसारखे वर पसरून राहते आणि वरचे-खालचे पाणी नीट मिसळत नाही. वरून मेलेले शेवाळ, जीवजंतू खाली पडतात, कुजतात, कुजताना प्राणवायू खातात. त्यामुळे शंभर-दीडशे मीटरच्या खाली मोठ्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच, केवळ अंशमात्र शिल्लक आहे. २०१७ साली याविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते. हा उरलासुरला अंशच सगळे तोलून धरतो आहे, असे त्यांना आढळले. नद्यांमधून आणखी नायट्रोजन येत राहिला तर तोही संपू शकतो, आणि मग त्या पाण्यातले जिवाणू वेगळ्या रीतीने काम करू लागतील, सगळ्या समुद्राच्या पोषणाचे चक्र बदलेल. गोदावरी त्या नद्यांतली एक, पूस तिच्यातला एक धागा. पण सगळ्याच नद्या अशाच धाग्यांच्या बनलेल्या असतात.

कोरिंगाचे खारफुटीचे अभयारण्य काकिनाड्याहून जवळ आहे. १९७८ सालचे, सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेले. चोल्लंगीला लाकडी पायवाट केली आहे, तिच्यावरून चालत आत जाता येते. कोकणात ज्याला तिवर म्हणतात ती झाडे दोन्ही बाजूंना, चिखलातून बोटे वर काढावीत तशी श्वासमुळे आलेली. भरती चढताना खेकडे बुंध्यावर चढत होते, लहान मासे मुळांत शिरत होते. कोळंबीचे, माशांचे बाळपण याच मुळांत जाते. १९९६ च्या नोव्हेंबरात या भागात आलेल्या चक्रीवादळात हजाराहून अधिक माणसे गेली. खारफुटी लाटांचा आणि वाऱ्याचा जोर मोडते, म्हणून तिच्यामागची गावे तिला जपतात. चिखल काळाच. बेसाल्ट झिजून झालेली दख्खनची माती गोदावरीने इथवर आणून ही जंगले उभी केली आहेत. आणि त्या मुळांना गुंतलेल्या चिंध्यांत खताच्या गोण्यांच्याही होत्या. त्या कुठल्या गावच्या ते सांगता येणार नाही.

उप्पाड्याच्या वाळूवर मेलेली मादी पाहिली. पाठ जवळजवळ सव्वादोन फुटांची, डोळे कावळ्यांनी नेलेले. जखम कुठेच नव्हती. कासवाला श्वास घ्यायला वर यावे लागते. ट्रॉलरच्या ओढत्या जाळ्यात अडकले की ते बुडून मरते. जाळ्यात एक तिरकी जाळीदार चौकट आणि वर एक झडप बसवली तर कासव बाहेर पडते, कोळंबी आत राहते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांसाठी अशी चौकट तयार केली आहे. अमेरिकेने याच कारणावरून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले, तरी ही चौकट सगळ्या बोटींवर दिसत नाही. किनाऱ्यावर भेटलेल्या एका तांडेलाने स्पष्ट सांगितले, झडपेतून मासळीही थोडी जाते, डिझेल परवडत नाही, आणि एकट्याने बसवून काय उपयोग? मला त्याचा राग आला नाही. “शेजाऱ्याने फवारले, मग मी का नको” हे वाक्य मी आमच्या बांधावर हजारदा ऐकले आहे.

पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक मासेमारी बंद असते, पश्चिमेला १ जून ते ३१ जुलै. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांत खुल्या समुद्राच्या रक्षणाचा करार मान्य झाला, भारताने २०२४ मध्ये त्यावर सही केली. महाराष्ट्रात कांदळवन कक्ष २०१२ पासून चांगले काम करतो आहे. हे सगळे किनाऱ्यापासून पुढे पाहते. किनाऱ्यामागे शेकडो किलोमीटर आत जो तालुका समुद्राला पाणी पाठवतो, त्याच्याकडे समुद्राच्या वतीने कुणीच येत नाही. कृषी सहायक उत्पन्नाचे बोलतो, आरोग्यसेवक माणसांचे. हे चुकते आहे असे माझे ठाम मत आहे. वेळासला जसे राखणदाराला मानधन मिळाले, तसे नाल्याकाठची पिकाची दोन तासे पडीक ठेवून तिथे गवत आणि करंज-कडुनिंब राखणाऱ्या शेतकऱ्याला का मिळू नये? त्या पट्ट्यात वावरातून येणारा बराच गाळ आणि काही युरिया अडतो. मातीपरीक्षणाशिवाय युरियाची चुंगडी फोडू नये, आणि फोडलीच तर एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्यावी, यात शेतकऱ्याचा पैसाही वाचतो. गावाचे सांडपाणी नदीत सोडण्याआधी शोषखड्ड्यांत मुरवणे ग्रामपंचायतीला आणि नगरपंचायतीला जमण्यासारखे आहे.

महागाव, पुसद, उमरखेड, आर्णी भागातल्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या हंगामात फवारणी झाल्यावर पंप नाल्यावर धुऊ नका, वावरातच पडीत जागी धुवा, औषधाचे रिकामे डबे भोके पाडून वेगळे ठेवा आणि चुंगड्या पाण्याच्या वाटेत सोडू नका. हिवरा संगमच्या भोईबाबांचा डोह आधी सुधारेल, पुढचे पाणी आपोआप पुढे जाईल.